चौथं घर घेऊ नकोस

पुण्यात सिंहगड रस्त्यावरची निम्मी घरं मला मावशी म्हणतात, पण सख्खी मावशी मी तुझीच. त्यामुळे गिऱ्हाइकाला सांगत नाही तेही तुला सांगते.

तुझी पॅकिंगची नोकरी गेली तेव्हा तू म्हणालीस, "मावशी, मलाही मालिश शिकव. चार घरं धरली की भागेल." ते 'चार घरं' माझ्या डोक्यातून जाईना. मीही एके काळी हेच म्हणत होते. फोनवर सांगायला गेलं तर तुझा पोरगा मधेच रडतो आणि निम्मं राहतं, म्हणून लिहूनच काढलं. म्हणजे बोलले मी, टाइप माझ्या थोरल्या लेकीने केलं. बाळ-बाळंतिणीच्या कामात नवीन उतरणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडलं तर पडू दे.

आधी हात

नखं बोटाच्या पुढे दिसता कामा नयेत. अंगठी नाही, घड्याळ नाही. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, वरून सेफ्टी पिन. केस घट्ट बांधलेले, गजरा नको.

बांगड्यांवरून तुझी सासू बोलणार. माझीही बोलली होती, "सवाष्ण बाई मोकळ्या हातांनी लोकांच्या दारात जाते." वर्षभर मी दोन-दोन काचेच्या ठेवून काम केलं. एकदा आनंदनगरला बाळाला उपडं करताना एक बांगडी तडकली आणि माझ्याच मनगटात घुसली. बाळाला ओरखडासुद्धा आला नाही, पण माझे पाय लटपटले. तेव्हापासून सोसायटीच्या गेटपाशी बांगड्या काढते, रुमालात बांधते आणि काम झालं की तिथेच परत घालते. सासूला निघताना दिसतात, येताना दिसतात. मधले पाच तास कुणी मोजत नाही.

पिशवीत ठेवायचं ते असं: स्वतःचा साबण, नेलकटर, अंगावर चढवायचा धुतलेला सुती गाऊन (घरागणिक वेगळा), डायरी, पाण्याची बाटली, चपातीचा रोल. तेल न्यायचं नाही. तेल त्यांनी आणायचं, त्यांच्या घरात ठेवायचं, तू फक्त कुठलं ते सांगायचं. पहिल्या दिवशी बाळाच्या मांडीला रुपयाएवढ्या जागी लावून दुसऱ्या दिवसापर्यंत थांब. पुरळ उठलं तर तुझ्या बाटलीचं नाव निघणार नाही.

हात कोपरापर्यंत धुवायचे, त्यांच्यासमोर. सर्दी-ताप असेल तर घरी राहायचं. त्या दिवसाचे पैसे बुडतात, बुडू देत.

आणि पहिले पंधरा दिवस तू बाळाला हात लावणार नाहीस. माझ्या शेजारी बसून बघायचं, टॉवेल धरायचा, पाणी काढायचं. मग बाळंतिणीचे पाय, मग पाठ. बाळ सगळ्यात शेवटी.

बाळ

मी शिकले धायरीच्या एका आजींकडून, २०११ साली. थोरली तेव्हा दोन वर्षांची होती. आजींचा हात असा होता की रडून लाल झालेलं पोर त्यांच्या नडग्यांवर ठेवलं की गप्प. तो हात मला अजून आला नाही. पण आजी जे करायच्या त्यातलं अर्धं मी सोडून दिलंय. ते का सोडलं हे तुला आधी कळलं पाहिजे, कारण घरातल्या आज्या तुझ्याकडून तेच करून घ्यायला बघतील.

कानात-नाकात तेलाचे थेंब टाकायचे नाहीत. नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. नवजात बाळाची छाती कधी कधी सुजल्यासारखी होते, मुलग्याचीसुद्धा, दुधासारखा थेंबही येतो. आजी तो पिळून काढायच्या. तू बोटही लावू नकोस. आईच्या अंगातल्या संप्रेरकांमुळे ते होतं आणि आपोआप जातं, पिळलं तर मात्र पू होऊ शकतो. नाक ओढून सरळ करणं, डोकं दाबून गोल करणं, हे बंद. डोकं त्याचं त्याचं गोल होतं. टाळूवर तेल नुसतं फिरवायचं, दाबायचं नाही. डोळ्यांत काजळ नाही, काजळात शिसं असू शकतं. हौसच असेल तर तीट तळपायाला लावा म्हणावं, दृष्ट तिथूनही निघते. डाळीच्या पिठाने घासणं नाही, ती कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते.

धुरीवरून सगळ्यात जास्त वाद होतो. ओवा, वावडिंग, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकून बाळाला त्यावर धरायची पद्धत आपल्या वेल्ह्याला घरोघरी होती. पण आपल्या घरांना कौलं होती, भिंतीला फटी होत्या. इथे आठव्या मजल्यावर खिडक्या लावून, पडदे ओढून शेगडी पेटवतात. निखाऱ्याचा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि बंद खोलीत माणूस झोपल्या जागी मरतो. तू निखारा पेटवायचा नाही आणि दुसऱ्याने पेटवला तर त्या खोलीत बसायचं नाही. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी, तीही टॉवेलात गुंडाळून, आणि फक्त आईला.

आता काय करायचं ते. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायची, गॅसवर नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. खोबरेल सगळ्यात बरं. आपल्या भागात आता उत्तरेकडची कुटुंबंही पुष्कळ आहेत, ती मोहरीचं तेल आणतात. बाळांचे डॉक्टर नको म्हणतात, कातडीला त्रास होतो. "आमच्यात हेच चालतं" म्हणाले तर डॉक्टरांना विचारून सांगा म्हणायचं, तू भांडू नकोस.

दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झालेला असावा. पंखा बंद. पायापासून सुरुवात, कारण बाळ पाय पटकन देतं, हात धरून ठेवतं. मग हात, छाती, पाठ. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, तळव्याने, सावकाश, पण नाळ पडून बेंबी कोरडी झाल्यावरच. नाळ पडेपर्यंत पोटाला तेल नाही आणि अंघोळही नाही, नुसतं ओल्या फडक्याने पुसायचं. एकूण पंधरा मिनिटं. बाळाने तोंड फिरवलं, बोटं ताठ पसरली, उचक्या लागल्या की थांबायचं. पंधरातली सात मिनिटं झाली असतील तर सातच. आईबापांना वाटतं बाई कामचुकार आहे. वाटू दे.

पाणी घेताना बादलीत आधी थंड, मग गरम. उलटं कधीच नाही. कोपर बुडवून बघायचं. कडेला उकळतं पातेलं ठेवून बसतात काही जणी, ते दूर ठेवायला लाव. आणि तेलकट बाळ उचलून चालायचं नाही. आधी टॉवेल, मग उचलायचं.

दीड महिन्याची लस झाली की त्या मांडीला हात नाही, ताप असेल तर त्या दिवशी मालिशच नाही. जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल किंवा बाळ लवकर झालेलं असेल, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत काम सुरू करायचं नाही. तळवे-तळपाय पिवळे दिसले, अंग तापलं, बाळ दूध ओढेना किंवा मलूल पडलं, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून "आत्ता दवाखान्यात न्या" हे एवढंच वाक्य बोलायचं. आपण रोज उघडं बाळ उजेडात बघतो. आईने रात्री झिरोच्या दिव्यात बघितलेलं असतं. माझ्या चौदा वर्षांत असं तीनदा झालं. त्यातल्या एका घराने नंतर पेढे आणून दिले, एका घराने मला बंद केलं, मी अपशकुनी बोलले म्हणून.

गुटी उगाळून दे म्हणतील, मध चाटव म्हणतील. सहा महिने आईचं दूध, बाकी काही नाही. मध तर वर्षभर नाही. एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. आपण डॉक्टर नाही, हे स्वतःच्या मनातही पक्कं असू दे.

बाळंतीण

नॉर्मल बाळंतपण आणि टाके कमी असतील तर चार-पाच दिवसांनी, बाईला बरं वाटायला लागलं की. सिझर असेल तर पोटाला सहा आठवडे हात लावायचा नाही आणि त्यानंतरही तिच्या डॉक्टरांना विचारून. तोवर हात, खांदे, मान, डोकं, तळपाय. उपडं झोपवायचं नाही, कुशीवर घे, दोन गुडघ्यांत उशी.

बाळंतिणीचं खरं दुखणं खांद्यात असतं. मान खाली घालून दिवसाला दहा-बारा वेळा पाजते, तिथे गाठी होतात. नवीन बाया पोट कमी करा म्हणून मागे लागतात. पोट मालिशने कमी होत नाही, आणि तसं आश्वासन तू देऊ नकोस. पोटपट्टा बांधायचा तर सुती, दोन बोटं आत जातील इतका सैल. आवळून बांधला की खाली जोर येतो.

एका पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी लागली तर ती चोळायची नाही. तिथे रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तशीच तिला दवाखान्यात पाठवायची. छाती लाल होऊन ताप आला तरी तेच. तासाभरात पॅड भिजत असेल तर वाट बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना.

आणि रडणं. आठवड्याभरात बाई रडते, ते बहुतेकींना होतं. पण दोन आठवडे होऊन गेले, झोप नाही, बाळाकडे बघत नाही, "माझ्याशिवाय बरं होईल सगळं" असं काही बोलते, तर ते ऐकून स्वतःपाशी ठेवायचं नाही. तिच्या नवऱ्याला किंवा आईला, जो समजूतदार असेल त्याला, बाजूला घेऊन सांगायचं. १४४१६ हा सरकारी फोन आहे, फुकट, मराठीत बोलतात. माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर तो लिहिलेला आहे, तू पण लिही.

एरवी मात्र तेल लावताना बाई जे बोलते ते त्या खोलीतच राहिलं पाहिजे. सासू बाहेर सोफ्यावर कान देऊन बसलेली असते. बाहेर आलीस की विचारते, "काय म्हणाली हो?" माझं उत्तर ठरलेलं आहे: "पाठ दुखते म्हणाली."

'मसाज' हा शब्द

हे तुझ्या नवऱ्यालाही वाचून दाखव.

२०१२ साली मी हौसेने दोनशे कार्डं छापली. वर मोठ्या अक्षरात 'मसाज' आणि खाली माझा नंबर. दोन मेडिकलवाल्यांकडे ठेवली, एका प्रसूतिगृहाबाहेर चिकटवली. पहिल्या आठवड्यात सात फोन आले. त्यातले पाच पुरुषांचे, आणि बाळासाठी एकही नाही. एक फोन रात्री साडेअकराला आला. तो आमच्या ह्यांनी उचलला. ते काहीच बोलले नाहीत, फोन ठेवला, रिक्षा काढली आणि जाऊन सगळी कार्डं फाडून आले. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काम सोड." मी म्हणाले, "काम नाही, शब्द सोडते."

नवीन कार्डावर 'बाळ-बाळंतिणीची मालिश आणि न्हाऊ घालणे' एवढंच होतं. फोनवर पुरुष बोलला तरी चालतं, बायकोसाठी विचारणारा नवराच असतो बहुतेक वेळा, पण त्याला सांगायचं, "ताईंकडे द्या." ताईंकडे फोन गेला नाही तर ते काम आपलं नाही. पहिल्या दिवशी नवऱ्याने किंवा दिराने सोडायला यायचं आणि खाली दहा मिनिटं थांबायचं. लोकेशन घरच्या कुणाला तरी पाठवलेलं असावं, मी थोरलीला पाठवते. व्हॉट्सअॅपला स्वतःचा फोटो नको, देवाचा ठेव नाहीतर फुलाचा. आणि पुरुषांना मालिश नाही, कितीही म्हातारा असो, कितीही ओळखीचा असो, "पाय जरा दाबून द्या" म्हणाला तरी नाही. एकदा केलंस की ती गोष्ट आख्ख्या सोसायटीला कळते आणि वेगळी होऊन कळते.

बाळाचा फोटो काढायचा नाही. त्यांनी हौसेने दिला तरी स्टेटसला लावायचा नाही.

डायरी

आपल्या कामाची गंमत अशी की दर सव्वा महिन्याला आपली नोकरी जाते. चाळीस दिवस झाले की घर संपलं. त्यामुळे हातात काम असतानाच पुढचं बघायला लागतं. सातव्या-आठव्या महिन्यात लोक विचारायला लागतात. मी डायरीत डॉक्टरांनी दिलेली तारीख लिहिते आणि तिच्या आधीच्या पंधरा दिवसांवर पेन्सिलने तिरक्या रेघा मारून ठेवते, कारण पोर तारीख बघून येत नाही. सिझरची तारीख ठरलेली असली तर ती पेनाने.

एका पंधरवड्यात दोनच तारखा घ्यायच्या. तिसरी आली तर तोंडावर सांगायचं की तुमचं मी धरते, पण तारखा आदळल्या तर माझी ओळखीची बाई येईल. आता ती ओळखीची बाई तू. मी कितीतरी वर्षं एकटी होते म्हणून माझी तारांबळ झाली. एकदा गावच्या जत्रेला गेले आणि तीन आठवडे लवकर बाळ झालं. त्या घराने दुसरी बाई लावली. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी असते, हे विसरू नकोस. म्हणजे काम तिच्या आईच्या घरी आणि पैसे कोण देणार हे माहेर-सासरच्यांचं आपसात ठरलेलं नसतं. ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचं, लाजायचं नाही.

पैसे

मी आई आणि बाळ दोघांचे मिळून दिवसाला ६०० घेते, नुसत्या बाळाचे ३००. तू ४०० आणि २०० पासून धर. रविवार सुट्टी. सव्वा महिन्यात रविवार सोडून ३४ खेपा होतात, म्हणजे दोघांचे २०,४००. ठरवताना १,००० आधी घ्यायचे, नंतर वळते करायचे. आणि दर दहा खेपांनी हिशोब. 'शेवटी एकदम देऊ' याला हो म्हणायचं नाही. मी एकदा म्हटलं होतं. चौदा दिवसांचे राहिले, मुलगी सासरी गेली, आणि फोन लागायचा बंद झाला. तेव्हाचा माझा दर ३५० होता, म्हणजे ४,९०० गेले. भांडायला कुणाकडे जाणार?

शेवटच्या दिवशी ओटी भरतात, साडी देतात. घ्यायची, कुंकू लावून घ्यायचं, बाळाला आशीर्वाद द्यायचा. पण एखादी बाई साडी देऊन शेवटचे चार दिवस त्यातच धरते. तिला हसत सांगायचं, "ताई, साडी मी नेसेन, पण शाळेत फी म्हणून घेत नाहीत."

आता खरा आकडा. चांगल्या महिन्यात माझी तीन घरं असतात, दोन आई-बाळाची आणि एक नुसत्या बाळाचं. दिवसाला १,५००, महिन्याचे २६ दिवस धरले तर ३९,०००. वाईट महिन्यात एकच बाळ असतं. ७,८००. दोन्ही महिने एकाच वर्षात येतात. म्हणून मी आमचा महिना १५,००० चा धरलाय. त्यापेक्षा जास्त आलं ते वेगळ्या खात्यात जातं आणि कमी आलं तर तिथून येतं. त्या खात्याचं एटीएम कार्ड मी घेतलेलंच नाही, बँकेत रांगेत उभं राहूनच काढायचं. रांगेत उभं राहिलं की निम्म्या वेळा गरज संपलेली असते.

आपल्याला ना पीएफ, ना रजा. ई-श्रम कार्ड काढ, २०२१ पासून आहे, आधार आणि मोबाइल लागतो. बँकेत सांगून दोन विमे लावून घे: वर्षाला २० रुपयांचा अपघाताचा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, दोन्ही दोन-दोन लाखांचे. स्कूटरवर फिरणाऱ्या बाईने अपघाताचा नाही घ्यायचा तर कुणी घ्यायचा? अटल पेन्शनला वय १८ ते ४० लागतं. माझी चाळिशी ओलांडली आणि मी ते काढलंच नाही, नंतर काढू म्हणत. तू २७ ची आहेस. थोरलीचं सुकन्या खातं मात्र ती सहा वर्षांची असताना पोस्टात उघडलं, दहा वर्षांच्या आत उघडावं लागतं. तुला मुलगी झाली तर लक्षात ठेव.

चौथं घर

२०२० च्या मार्चमध्ये सोसायट्यांची गेटं बंद झाली. पोरं जन्माला यायची थांबली नव्हती, पण मला आत कोण घेणार? ह्यांची रिक्षाही दारात उभी. मी व्हिडिओ कॉलवर तीन जणींना बाळाची मालिश शिकवली, दोघींनी पैसे दिले. बचत गटातून २०,००० उचलले. पुढच्या वर्षी काम परत आलं तेव्हा माझ्या पोटात भूक नव्हती, भीती होती. तीन घरं होती, चौथं आलं, मी घेतलं.

चौथं घर सकाळच्या कामात बसत नव्हतं, म्हणून संध्याकाळी. चारला निघायचं, सहाला परत. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. तो शाळेतून यायच्या वेळेला मी चप्पल घालत असायचे. तिसऱ्या आठवड्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. मी बाम लावला, फडकं बांधलं, डावा हात जास्त वापरला. मग एक दिवस स्कूटरची किल्ली फिरेना. डॉक्टरांनी अंगठ्याला पट्टा घातला आणि सहा आठवडे पूर्ण बंद सांगितलं.

तेव्हा दर ४०० होता. चौथ्या घराचे ३४ खेपांचे १३,६०० झाले असते, तेही पुरते मिळाले नाहीत. सहा आठवड्यांत तीन घरांचे ३६ दिवसांचे ४३,२०० बुडाले. थोरली सातवीत होती, भाकऱ्या थापायला तेव्हा शिकली. (ती इथे म्हणते की तिच्या भाकऱ्या तेव्हाही माझ्यापेक्षा गोल होत्या. असतील.) ह्यांनी महिनाभर कणीक मळली, एका शब्दाने बोलले नाहीत. आणि सासू, जिने दहा वर्षं "आपल्यात कुणी हे अंग चोळायचं काम केलं नाही" असं ऐकवलं होतं, ती रोज रात्री माझ्या हाताला कोमट पाण्याने शेक द्यायची. दोघी काही बोलत नव्हतो. टीव्ही चालू असायचा.

म्हणून अंगठ्याने काम करायचं नाही. तळव्याचा मऊ भाग, मूठ, आणि पाठीला तर सरळ पुढचा हात. जोर खांद्यातून आणि अंगाच्या वजनातून यायला हवा. बाळंतीण पलंगावर असेल तर वाकून उभं राहू नकोस, गुडघा गादीवर टेक. जमिनीवर बसताना पाठ भिंतीला, पाटाखाली घोंगडी. दोन घरांच्या मधे पंधरा मिनिटं हवीतच, त्यात पाणी पी, बोटं उघड-मीट कर, रोल खा. त्यांच्या घरी चहा देतात तो घे, पण उभ्याने नको.

माझा दिवस आता असा: पावणेपाचला उठते, पाणी भरून डबे होतात, साडेसहाला बाहेर. पहिलं घर सात, दुसरं पावणेनऊ, तिसरं साडेदहा, नुसत्या बाळाचं असेल तर ते शेवटी. साडेबाराला घरात. आल्यावर आधी अंघोळ, हा सासूचा नियम आहे आणि या बाबतीत ती बरोबर आहे, तेलाच्या वासाने मलाच जेवण जात नाही. जेवून चाळीस मिनिटं आडवी. त्यानंतर मी कुणाची मावशी नाही. संध्याकाळी फोन आला की थोरली उचलते आणि सांगते, "आई सकाळी बोलेल."

तुझ्या घरी सासरे दिवसभर असतात आणि पोरगा तीन वर्षांचा आहे, तर तू दोनच घरांनी सुरू कर. सात ते दहा. अंगणवाडी सुटायच्या आत तू परत. तिसरं घर त्याची शाळा सुरू झाल्यावर. तुझा नवरा म्हणेल की एवढ्याने काय होणार. त्याला वरचा ४३,२०० चा हिशोब दाखव.

सोमवारी पावणेसातला वडगाव पुलाखाली ये, मी स्कूटर घेऊन थांबते. नऱ्ह्याच्या घरातलं बाळ त्या दिवशी अकरा दिवसांचं असेल, दुसऱ्या दिवशी बारसं, घर पाहुण्यांनी भरलेलं असेल. कुणी विचारलं तर शिकायला आलेय म्हण. नखं रविवारी रात्रीच कापून ठेव. आणि रुमाल आण, बांगड्यांसाठी.